टॅब दिला, पण शिकणं वाढलं का? घाटघरच्या निमित्ताने संशोधन-प्रश्नाविषयी

"जुन्नर तालुक्यातील प्राथमिक शाळांमधील तंत्रज्ञानाच्या वापराचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास."

पेट पास झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या दहा जणांपैकी दोघा-तिघांचं शीर्षक साधारण असं असतं. तालुक्याचं नाव तेवढं बदलतं. शीर्षकात व्याकरणाची चूक नाही, गाईडही सहसा हरकत घेत नाहीत. पुढची तीन वर्षंही ठरलेलीच असतात: शिक्षकांसाठी तीस-चाळीस विधानांची प्रश्नावली, "पूर्णतः सहमत" ते "पूर्णतः असहमत" असे पाच पर्याय, मग टक्केवारी, मग टी-मूल्य आणि शेवटी "तंत्रज्ञानाचा सकारात्मक परिणाम दिसून आला" हा निष्कर्ष. या सगळ्यात एकाही मुलाला वजाबाकी येते का, हे कुणी विचारलेलं नसतं. शिक्षकांना तंत्रज्ञान *आवडतं का* एवढंच आपण मोजलेलं असतं.

आज याच शीर्षकाचं काय करता येईल ते बघू. मी मूळची भौतिकशास्त्राची. त्यामुळे मोजमापाचं वेड जरा जास्त आहे, ते सांभाळून घ्या.

गाव मुद्दामच घाटघर घेते. भंडारदऱ्यापलीकडचं, वीजप्रकल्पाचं घाटघर नव्हे, ते अकोले तालुक्यात येतं. मी म्हणतेय ते जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचं, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या तोंडावर असलेलं. महादेव कोळी समाजाची वस्ती, भातशेती, हिरडा, आणि पावसाळ्यात दिवसच्या दिवस धुकं. याच तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला खोडदजवळ जीएमआरटी आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश एकत्रितपणे अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेला क्षीण रेडिओ संदेश टिपतात, आणि पश्चिमेच्या डोंगरात एक व्हिडिओ उघडायला माणूस फोन हातात घेऊन बांधावर जातो. एकाच तालुक्यात हे दोन्ही आहे, म्हणून उदाहरणाला ही जागा मला बरी वाटते.

"तंत्रज्ञान" म्हणजे नेमकं काय?

शीर्षकातला पहिला अडथळा हाच शब्द. स्मार्ट टीव्हीवर सगळ्या वर्गाला व्हिडिओ दाखवणं, मुलाच्या हातात टॅब देणं, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करणं, शिक्षकाने रात्री घरी बसून दुसऱ्या दिवसाच्या पाठाची तयारी करणं आणि हजेरी ॲपवर भरणं, या पाच गोष्टी एका शब्दात बसत नाहीत. त्यांचे परिणाम वेगळे आहेत. पाचवीचा तर शिकण्याशी जवळजवळ संबंधच नाही, उलट शिकवण्याचा वेळ त्यात जातो.

महाराष्ट्रात यातलं बरंच काही करून झालंय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं काम केलं. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड आले, आणि २०२० साली डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, २००७ मध्ये, कर्जतजवळच्या खैराटच्या धनगरवाड्यावर एकशिक्षकी शाळेतल्या प्रत्येक मुलाला एकेक छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप मिळाला होता. "वन लॅपटॉप पर चाइल्ड" या जगभर गाजलेल्या योजनेचा तो भारतातला पहिला प्रयोग. घाटघर असो की खैराट, सह्याद्रीतल्या छोट्या शाळेचं रूप सारखंच असतं, म्हणून ते उदाहरण लक्षात ठेवा.

खैराटसारख्या एका वाडीवरून मात्र योजना चालली की नाही हे सांगता येत नाही. मुलं आनंदाने लॅपटॉप वापरताना दिसली, हे खरं असू शकतं. पण लॅपटॉप आले नसते तर त्याच मुलांचं त्याच काळात काय झालं असतं? संशोधनाचा सगळा खटाटोप या एका प्रश्नाभोवती आहे. जे घडलं ते दिसतं, जे घडलं नसतं ते दिसत नाही, आणि आपल्याला या दोहोंतला फरक हवा असतो.

याच योजनेचा मोठा प्रयोग पेरू देशात झाला. तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक पद्धतीने कुठे लॅपटॉप द्यायचे आणि कुठे नाही हे ठरवलं गेलं. सुमारे सव्वा वर्षाने गणित आणि भाषेची चाचणी घेतली, तर दोन्ही गटांत फरक नाही. लॅपटॉप आले होते, वापरलेही गेले होते, पण मुलांना वाचता किंवा हिशोब करता येण्यात वाढ झाली नाही.

इथे लगेच "म्हणजे तंत्रज्ञान फसलं" असं लिहून मोकळे होऊ नका. आपल्या शेजारची गोष्ट ऐका.

बडोद्याचे बंद संगणक

गुजरात सरकारने २००० च्या सुमारास बडोद्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. बहुतेक शाळांत ते वापरलेच जात नव्हते. (ओळखीचं वाटतंय ना?) अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी 'प्रथम' संस्थेबरोबर काम करून तिथे चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ सुरू केले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. खेळ असे की मुलाला जेवढं येतं तिथून पुढे न्यायचे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार दुसऱ्या वर्षी गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलन होती.

हा आकडा कसा वाचायचा ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढे शंभर निबंधांत तो भेटेल. गुणांप्रमाणे शंभर मुलं रांगेत उभी केली आणि बरोबर मधल्या मुलाला ०.४७ ची वाढ मिळाली, तर ते मूल साधारण ६८ जणांच्या पुढे जाऊन उभं राहतं. ०.१० ची वाढ मिळाली तर ५४ जणांच्या पुढे. हे दुसरं उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मोजलं तेव्हा फायदा ओसरून ०.१० च्या आसपास आलेला होता. निबंधातलं हे वाक्य लोक सहसा उद्धृत करत नाहीत. तुम्ही करा.

त्याच निबंधात मुंबई आणि बडोद्यातल्या 'बालसखी'चाही अभ्यास आहे. वस्तीतलीच थोडीफार शिकलेली एक तरुणी, मागे पडलेल्या मुलांना दिवसातून दोन तास वेगळं बसवून शिकवायची. दुसऱ्या वर्षी तिची वाढ ०.२८ होती. हा आकडा संगणकापेक्षा कमी आहे, पण बालसखीला वीज लागत नाही, आणि ती वाचनही शिकवते. तुलना करायची तर खर्च धरून करावी लागते, नुसत्या आकड्यांची रांग लावून नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास. ली लिंडन यांनी गुजरातमध्येच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या शाळांमध्ये संगणकाचा एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरून पाहिला. एका तऱ्हेत मुलं शाळेच्या वेळेत, नेहमीच्या तासाच्या *जागी* संगणकावर बसायची. दुसऱ्या तऱ्हेत शाळेच्या वेळेबाहेर, नेहमीच्या शिकवण्याच्या *जोडीला*. जोडीला होता तिथे गणितात ०.२८ ची वाढ झाली. जागी होता तिथे ०.५७ ची घट.

घट झाली, म्हणजे मुलं इतरांपेक्षा मागे पडली. आज्ञावली तीच, संगणक तेच. फरक इतकाच की एकीकडे त्याने चांगल्या शिकवण्याचा वेळ खाल्ला आणि दुसरीकडे रिकामा वेळ भरला. म्हणून "तंत्रज्ञानाचा परिणाम" असं शीर्षकात लिहिलं की माझा पहिला प्रश्न असतो: कशाच्या जागी? टॅबवरची ती वीस मिनिटं आधी कुणाची होती?

दोन शिक्षक, पाच इयत्ता

आता पुन्हा आपल्या डोंगरात येऊ. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पटच वीस-तीसचा असतो, त्यामुळे दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता हे नेहमीचं चित्र. एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात.

गेल्या पावसाळ्यात मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या अशाच एका शाळेत दोन दिवस मागच्या भिंतीला टेकून बसले होते. हातात वही, घड्याळ आणि रकाने आखलेला कागद. दर पाच मिनिटांनी एकच नोंद करायची: या क्षणी प्रत्येक इयत्ता काय करतेय. पहिली-दुसरीला गुरुजी अक्षरं शिकवत होते तेव्हा तिसरी-चौथी फळ्यावरचं उतरवून घेत होती. उतरवून झालेलं पुन्हा उतरवत होती. एक मुलगी वहीच्या समासात भाताचं रोप काढत होती, चांगलं काढलं होतं. मधल्या सुट्टीत मी गुरुजींना कोपऱ्यातल्या, कापड घातलेल्या टीव्हीबद्दल विचारलं. ते म्हणाले, "टीव्ही चांगलाय हो मॅडम. पण लावायचा कुणासाठी? चौथीसाठी लावला की पहिलीसुद्धा तोंड वासून तिकडंच बघते."

या एका वाक्यात संशोधन-प्रश्न आहे. बहुवर्ग शाळेत मोठ्या पडद्याचा त्रास होतो, कारण तो सगळ्यांनाच दिसतो. पण उतरवून घेण्यात जाणारा तिसरी-चौथीचा वेळ खरोखर रिकामा आहे. तिथे शिक्षकाच्या *जागी* काही येत नाही, कारण त्या वेळी शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे असतो. मग आपलं शीर्षक असं बदलतं: "बहुवर्ग शाळेत शिक्षक इतर इयत्तांना शिकवत असताना तिसरी-चौथीच्या मुलांनी ऑफलाइन टॅबवर आपापल्या पातळीचा गणिताचा सराव केल्यास, त्या वेळेतल्या नेहमीच्या कामाच्या तुलनेत, त्यांच्या गणितात फरक पडतो का?"

लांबलचक आहे, मान्य. शीर्षकाला आरआरसीसमोर हवी तेवढी कात्री लावा. पण आता त्यात कोण, कधी, कशाच्या तुलनेत आणि कशात हे चारही आलं.

"आपापल्या पातळीचा" हे शब्द मात्र कात्रीत जाऊ देऊ नका. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि ॲलेक्स गॅनिमियन यांनी 'माइंडस्पार्क' या आज्ञावलीचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ६१९ मुलं, प्रवेश सोडतीने, साडेचार महिने. गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ ची वाढ झाली. त्यांच्या सुरुवातीच्या चाचणीत सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. अशा मुलाला सहावीचा कितीही सुंदर व्हिडिओ दाखवला तरी तो त्याच्या डोक्यावरूनच जाणार. माइंडस्पार्क मुलाची पातळी हुडकून तिथून सराव देत होतं. शिवाय निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा वेळ छोट्या गटात माणसाकडून मार्गदर्शन मिळायचं. तेव्हा ०.३७ चं सगळं श्रेय यंत्राला देऊ नका, लेखकांनीही दिलेलं नाही.

त्यात आणखी एक खोच आहे. मुलांच्या खऱ्या पातळीपासून मोजणाऱ्या चाचणीत गणिताची वाढ स्पष्ट दिसली, पण शाळेच्या इयत्तावार परीक्षेच्या गणितात ती तशी ठळक दिसली नाही. मूल दुसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीला आलं, पण पेपर सहावीचा. म्हणून घटक चाचणीचे गुण उचलून "संपादणूक" म्हणू नका. चाचणी अशी हवी की तिच्यात एक अंक ओळखण्यापासून भागाकारापर्यंत पायऱ्या असतील. 'असर'ची चाचणी अशीच एकेका मुलाला समोर बसवून घेतली जाते. ती बघून घ्या, तिच्यामागचा विचार उपयोगी पडेल.

शाळा मोजायच्या, मुलं नव्हे

हा भाग थोडा रूक्ष आहे, पण सगळ्यात जास्त प्रबंध इथेच लंगडे पडतात.

"न्यादर्श: १० शाळांतील २०० विद्यार्थी. ५ शाळा प्रायोगिक, ५ नियंत्रित." ऐकायला दणदणीत वाटतं. पण एका शाळेतली वीस मुलं ही वीस स्वतंत्र माणसं नसतात. शिक्षक एक, वाडी एक, पाऊस एक. त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. हे सारखेपण ० ते १ च्या मोजपट्टीवर मोजतात. समजा ते ०.२ आहे. मग सूत्र असं: १ + (२० − १) × ०.२ = ४.८. तुमच्या २०० मुलांना ४.८ ने भागा. हातात माहिती उरते ती जेमतेम ४२ मुलांइतकी.

उलट बाजूने बघा. ०.२ प्रमाण विचलनाचा फरक खात्रीने पकडायचा (पाच टक्के पातळी, ऐंशी टक्के शक्यता), तर स्वतंत्र मुलं असती तरी प्रत्येक गटात सुमारे ३९२ लागली असती. त्याला ४.८ ने गुणा, वीसने भागा. प्रत्येक गटात ९४ शाळा! चांगली पूर्व चाचणी घेतली तर हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो, पण तरीही एकट्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला, एसटी आणि शेअर जीपने फिरून, ते झेपणार नाही.

मग सोडून द्यायचं? नाही. रचना बदलायची. बारा शाळा घ्या. असे दोन घटक निवडा जे एकमेकांवर फारसे अवलंबून नाहीत, समजा अपूर्णांक आणि मापन. चिठ्ठी टाकून सहा शाळांत अपूर्णांकाचा सराव टॅबवर आणि मापन नेहमीसारखं, उरलेल्या सहांत बरोबर उलट. आता प्रत्येक शाळा स्वतःशीच तुलना करते. गुरुजी कडक की प्रेमळ, रस्ता पक्का की कच्चा, हे दोन्ही घटकांना सारखंच लागू असल्यामुळे बऱ्याच अंशी वजा होतं. शिवाय कुठल्याच शाळेला "तुम्हाला काही मिळणार नाही, तुम्ही नियंत्रित गट" असं सांगावं लागत नाही. ज्या मुलांकडे आधीच सगळ्यात कमी आहे त्यांना आपल्या पदवीसाठी रिकाम्या हाताने बसवणं मला जड जातं. पद्धतीच्या पुस्तकात हा मुद्दा दोन ओळींत येतो, गावात पालकांसमोर उभं राहिल्यावर मोठा होतो.

या रचनेला मर्यादा आहेत. दोन-तीन महिन्यांचा परिणाम कळेल, वर्षभराचा नाही. आणि टॅब आला म्हणून मुलं शाळेत जास्त येऊ लागली, तर तो फायदा दोन्ही घटकांना मिळेल आणि तुमच्या फरकात दिसणारच नाही. हे प्रबंधात स्वतःहून लिहा.

एकाच गटाची जूनमध्ये पूर्व चाचणी, मार्चमध्ये उत्तर चाचणी आणि मधला फरक म्हणजे टॅबचा परिणाम, हे मात्र अजिबात करू नका. नऊ महिन्यांत मुलं वाढतातच. फक्त कच्ची मुलं निवडून असं केलंत तर आणखी वाईट. चाचणीच्या दिवशी ताप होता, झोप झाली नव्हती, म्हणून खाली गेलेली काही मुलं पुढच्या वेळी आपोआप वर येतात, आणि श्रेय टॅबला जातं.

पावसाचं वेळापत्रक

घाटघरकडच्या पट्ट्यात शाळेचं कॅलेंडर आणि शेताचं कॅलेंडर वेगळं चालतं. आवणीच्या दिवसांत थोरली मुलं शेतात किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी. बाळहिरड्याच्या हंगामात पुन्हा तेच. त्या आठवड्यात चाचणी ठेवलीत तर जी मुलं गैरहजर राहतील ती सरसकट कुठलीही नसतील, ज्या घरांत हातांची गरज जास्त त्यांचीच असतील. उरलेल्यांची सरासरी छान येईल आणि ती खोटी असेल. गैरहजर मुलासाठी पुन्हा जा, गरज पडली तर बांधावर जाऊन चाचणी घ्या. तोंडी, दहा मिनिटांची चाचणी असेल तर ते शक्य असतं.

टॅब पावसाळ्यात नीट चार्ज होणार नाहीत. वीज जाते, आणि सौर पॅनेलला धुक्यात ऊन कुठून मिळणार? समजा साठ दिवसांच्या योजनेत एका शाळेत टॅब पंचवीसच दिवस चालले. मोह असा होतो की "या शाळेत प्रयोग नीट झाला नाही" म्हणून ती वगळावी. वगळू नका. ज्या शाळांत वीज टिकते त्या रस्त्यालगतच्या असतात, आणि फक्त त्याच ठेवल्यात तर तुम्ही रस्त्याचा परिणाम मोजलात. चिठ्ठीत जी शाळा ज्या गटात आली ती त्याच गटात मोजायची, टॅब चालो न चालो. धोरण ठरवणाऱ्याला हेच उत्तर हवं असतं: या डोंगरात दिले तर काय होईल? जोडीला प्रत्येक टॅब रोज किती मिनिटं चालला याची नोंद द्या. परिणाम शून्य आला तर तो वापरच न झाल्यामुळे आला की वापर होऊनही आला, हे त्या नोंदीवरून कळेल. या दोन शून्यांत खूप अंतर आहे.

भाषेकडेही लक्ष असू द्या. घरची बोली आणि टॅबमधून येणारी प्रमाण मराठी, तीही शहरी आवाजातली, यांत मूल अडखळतं. गणित चुकलं की सूचना कळली नाही, हे वेगळं करता यायला हवं. त्यासाठी मुख्य काम सुरू करण्याआधी पाच-सहा मुलांजवळ बसा आणि प्रत्येक सूचना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. एक दिवसाचं काम आहे.

जाता जाता, घाटघरला गेलात तर नाणेघाटाच्या लेण्यात जरूर डोकवा. सातवाहनांच्या काळातल्या त्या ब्राह्मी लेखात यज्ञांच्या वेळी दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. तिसरी-चौथीच्या संख्याज्ञानाच्या पाठासाठी इतकं जवळचं साहित्य कुठल्याही टॅबमध्ये नाही. चालत जाता येतं आणि चार्जर लागत नाही.

सिनॉप्सिस लिहून झाली असेल तर तिच्यातली दोनच ठिकाणं आज रात्री तपासा. "तंत्रज्ञान" शब्दाच्या जागी नेमकी वस्तू आणि नेमकी मिनिटं घालता येतात का, आणि "तुलनेत" हा शब्द कुठे तरी आहे का. पुढच्या लेखात दहा मिनिटांची तोंडी गणित चाचणी कशी तयार करायची आणि दोन जणांनी घेतली तरी तेच गुण येतात का हे कसं तपासायचं, ते घेऊ. त्यासाठी तुमच्या जवळच्या एका शाळेतल्या तिसरीच्या मुलांच्या वह्या, परवानगी घेऊन, बघून ठेवा. चुका कुठल्या होतात त्यांची यादी लागेल.